आधी अंथरूण पाहा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या लालबागच्या चाळीत दोन गोष्टी हटकून बाहेर निघतात. एक, माळ्यावरचे पितळेचे डबे. आणि दुसरी, पाहुण्यांची चादर. डबे चिंचेने घासले जातात, लखलखतात, त्यांत चकल्या-करंज्या पडतात. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या चादरीविषयी. वर्षातले एकावन्न आठवडे ती प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात काढते. धनत्रयोदशीला बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर तिची स्थापना होते आणि भाऊबीज उरकली की विसर्जन. मधल्या दिवसांत तिच्यावर कुणी निजायचे नाही, मुलांनी चढायचे नाही, चिवड्याची बशी घेऊन बसायचे तर नावच काढू नये. ज्यांच्यासाठी एवढा थाट, ते पाहुणे दहा मिनिटे तिच्या काठावर टेकतात, अर्धी करंजी मोडतात आणि पुढच्या घरी जातात.

त्याच घरात आतल्या खोलीत आजी असते. ती बारा महिने ज्या चादरीवर निजते, ती मधोमध विरून गेलेली असते. पाठीखाली तर तिची जाळीच झालेली असते. "आजीला काय, चालतं!" असे म्हणून ती तशीच चालवली जाते. जो दिवसाचे दहा तास अंथरुणावर असतो त्याला जाळी, आणि जो वर्षातून दहा मिनिटे टेकतो त्याला गुलाबाची फुले! मी विचारते, हा कुठला न्याय?

वाचकहो, मी काही कापडाची तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेली बाई. म्हणजे दहावीच, पण आमचे आबा शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. सकाळी बालवाडीतली मुले सांभाळते आणि रात्री सगळे निजल्यावर कादंबऱ्या लिहिते. पण मी साचेवाल्याची मुलगी आहे. आबा गिरणीत साचेखात्यात होते. चार साचे सांभाळत. तेव्हा कापडाविषयी दोन शब्द बोलण्याचा मला वारशाने हक्क आहे. आणि तो मी आजवर वापरला नाही याची लाजही आहे. ती हकिगत पुढे येईलच.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. तिने आपल्याला अंथरुणाची लांबी पाहायला शिकवली, पोत पाहायला शिकवले नाही. साडी घ्यायला गेलो तर हिंदमाताच्या दुकानात तासन् तास ठाण मांडतो. पदर उलगडून घेतो, उजेडात धरतो, उलटी बाजू पाहतो, पाच दुकाने हिंडतो. आंबा घेताना देठापाशी हुंगतो. आणि चादर? ती पिशवीबंद घेतो. दोन अभ्रे आणि एक चादर, 'तीन नगांचा संच', वर पारदर्शक खिडकीतून दिसणारे एक भलेमोठे सूर्यफूल. पिशवी उघडून पाहतो म्हटले तर दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात आणि आपण ओशाळतो. ज्या वस्तूवर आयुष्याचा तिसरा हिस्सा काढायचा ती आपण न शिवता विकत घेतो. साडी लोकांना दिसते, चादर लोकांना दिसत नाही, एवढेच त्याचे कारण. आणि लोकांना दिसणारी एकच चादर आपण जपतो, ती पाहुण्यांची.

हे कुठल्या गावी चालले आहे तेही पाहा. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव हा सारा मुलूख कापूस खाऊन कापड ओकत होता. ज्या कोकण्या-घाट्यांनी ते कापड विणले, ते स्वतः कशावर निजत? एका खोलीत वीस-वीस माणसे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा; जमीन थंड व्हायला वेळच मिळत नसे. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. वळकटीत चटई, वाकळ आणि एक सोलापुरी चादर. तेवढीच इस्टेट. पण ती चादर घेताना तो माणूस ती दोन्ही हातांत धरून ताणत असे, उजेडात पाहत असे, वास घेत असे. गरिबाला भुलून चालत नाही.

आता आम्ही त्यांची मुले-नातवंडे. लोअर परळला जिथे फिनिक्स गिरणी होती तिथे मॉल आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिरण्यांवर बोलायची वेळ आली की आमच्याकडे भोंग्याच्या आठवणीने गळा काढणारे पुष्कळ निघतात. चिमणीचा फोटो काढतात, हळहळतात, आणि घरी येऊन पॉलिएस्टरवर निजतात. मला या हळहळीचा मनस्वी कंटाळा आला आहे. गिरणी गेली ती आपल्या हातात नव्हती. पण बोटांच्या टोकांत जे शहाणपण होते, ते कुणी हिरावून नेले नाही. ते आपणच टाकले. कोण म्हणेल, "बाई, दुसऱ्यांना बोलता, तुमचे काय?" तर ऐका.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आबा होते. संप कधी संपला हे आमच्या घरी कुणालाच सांगता यायचे नाही, कारण आबा पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. काही वर्षे भिवंडीला यंत्रमागावर जात, मग एका इमारतीवर रखवालदारी केली. २०१७ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणायचे ठरले तेव्हा मी दादरला स्टेशनबाहेरच्या एका दुकानात गेले आणि मुलीच्या मायेने चांगल्यातली चांगली चादर मागितली. दुकानदाराने एक गुळगुळीत, चकचकीत चादर समोर टाकली. "सहाशेची आहे, ताई. थ्रेड काउंट सहाशे. सुरकुती पडत नाही, लगेच वाळते." पिशवीवर लिहिले होते 'कॉटन फील'. कॉटन एवढाच शब्द मी वाचला.

त्या चादरीवर आबा चार महिने होते. सारखे खाली घसरायचे. मी आणि वहिनी काखेत हात घालून वर ओढायचो. पाठीवर घामोळे उठले, मग कातडी लाल झाली. पावडर लावली, पंखा वाढवला. पंखा वाढवला की पहाटे ओल्या पाठीला गारठा भरायचा आणि ते कुडकुडायचे. वरून पांघरूण घातले की पुन्हा घाम. आणि आबा काय करायचे, तर डाव्या हाताच्या अंगठ्यात नि बोटात चादरीची कड धरून तासन् तास चोळत बसायचे आणि माझ्याकडे टक लावून पाहायचे. मला वाटले, आजाराचा चाळा असेल. एकदा तर मी रागावून त्यांचा हात बाजूलाही केला.

तिसऱ्या मजल्यावरचे मामा त्यांना भेटायला आले. आबांच्याच खात्यातले. त्यांनी पाच मिनिटे तो चाळा पाहिला आणि म्हणाले, "अगं, तो पोत बघतोय. साचेवाल्याला नायलॉनवर निजवलंयस, दुसरं काय करील?"

मी म्हटले, "नायलॉन कसलं, मामा? सहाशेची आहे."

मामांनी उत्तर दिले नाही. दुमडीतला एक धागा उसवून काढला, देवापुढच्या निरांजनापाशी गेले आणि धागा ज्योतीला धरला. धागा जळला नाही, आक्रसला. टोकाला एक काळा टणक मणी झाला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मग आईने पेटीच्या तळातून गिरणीच्या दुकानातून संपाआधी घेतलेली पांढरी चादर काढली. निळा काठ, हातात घेतली तर दुधाच्या सायीसारखी मऊ झालेली. ती घातली. चमत्कार काही झाला नाही. आबा त्याच फाल्गुनात गेले. पण पाठ आठ दिवसांत सुकली, घसरणे थांबले, आणि कड चोळणेही थांबले.

म्हणून आता मी जे सांगणार आहे ते जरा चढ्या आवाजात सांगणार आहे.

सहाशे, आठशे, हजार हे जे आकडे पिशव्यांवर मिरवतात, त्यांचा अर्थ एवढाच की एक इंच लांब, एक इंच रुंद तुकड्यात उभे धागे किती आणि आडवे किती, त्यांची बेरीज. आबा याला रीड-पीक म्हणत. शंभर उभे आणि ऐंशी आडवे असले तर झाली एकशेऐंशीची चादर, आणि ती चांगल्या सुताची असली तर उत्तम चादर होते. सुती धागा कितीही बारीक कातला तरी एका इंचात किती मावणार? मग युक्ती अशी की दोन-तीन बारीक पदर पिळून एक धागा करायचा आणि मोजताना प्रत्येक पदर वेगळा मोजायचा. दोनशे-तीनशेचे सहाशे-नऊशे असे होतात. आणि पॉलिएस्टरच्या केसाहून बारीक तंतूंवर तर वाटेल तो आकडा छापता येतो. आकड्याने पोत ठरत नाही, सुताने ठरते. कापसाचा तंतू लांब असला की सूत गुळगुळीत आणि चिवट निघते. आखूड असला की चार धुण्यांत चादरीवर गोळे उठतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका सुताचा नंबर. नंबर चढा तितके सूत बारीक. चाळीस नंबर आणि वीस नंबर यांतला फरक आबा डोळे मिटून सांगत. आम्हाला निदान डोळे उघडून तरी सांगता यावा!

आणि हे फसणे आपल्याच नशिबी आहे असे समजू नका. २०१६ साली अमेरिकेतल्या एका बड्या दुकानसाखळीला कळले की इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाच्या म्हणून तिने दोन वर्षे विकलेल्या साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत तो कापूसच नव्हता. माल गेला होता आपल्याच देशातून. तिथे गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले. दादरला मला पैसे परत मिळाले नाहीत. मी मागितलेही नाहीत, कारण पिशवीवर त्याने खोटे काही लिहिलेच नव्हते. 'फील' म्हणजे भास. मी भास विकत घेतला होता.

आता उबेचे पाहू. मुंबईला थंडी कुठे असते, असे पुण्याचे लोक आम्हाला हिणवतात. जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हे त्यांना नम्रपणे कळवावे. पण खरे सांगायचे तर मुंबईची थंडी ही डिसेंबरची थंडी नव्हेच. ती पहाटे चार वाजता पंख्याखाली ओल्या पाठीला लागते. इथे ऊब म्हणजे आधी कोरडेपणा. कापूस नुसत्या हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम आला की सुती चादर तो पिते आणि हळूहळू हवेला देते. दुसरी तो तसाच अंगाला ठेवते. कापडाला स्वतःची ऊब नसते. ऊब आपल्याच अंगाची, कापड फक्त भोवतालची हवा धरून ठेवते. म्हणून जाड, सैल पिळाच्या सुताची सोलापुरी चादर ऊब देते. म्हणूनच आजीच्या विरल्या नऊवाऱ्यांची, घडीवर घडी घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ऊब देते. प्रत्येक घडीत हवेचा एक थर असतो. आजकालची ती लव असलेली मऊ ब्लँकेटे ऊब देत नाहीत असे नाही, खोटे का बोला. पण ती घाम पीत नाहीत, म्हणून मुंबईत माणूस मध्यरात्री ती लाथेने उडवतो आणि पहाटे शोधत बसतो.

सोलापुरीचेही आता डोळे उघडे ठेवूनच पाहिले पाहिजे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आणि १८७७ साली सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या गिरणीने ते गाव कापडाचे केले. या शतकाच्या पहिल्याच दशकात सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी रस्त्यावर सोलापुरी म्हणून वाटेल ते विकतात. ओळखायची साधी खूण आहे. खऱ्या चादरीवरची नक्षी जेकार्डावर विणलेली असते. उलटी केली की तीच नक्षी रंग पालटून दिसते. छापलेली असेल तर मागची बाजू फिकी आणि मुकी.

चादर घ्यायला जाल तेव्हा पिशवी उघडून मागा. कपाळाच्या आठ्या दुकानदाराच्या, त्या त्याच्यापाशी राहू देत. चादर उजेडात धरा. वीण एकसारखी दिसली पाहिजे, कुठे दाट कुठे विरळ नको. मग कोपरा दोन्ही हातांनी खसखसून चोळा. बोटांना पांढरी पूड लागली तर समजा खळ भरली आहे. खळ वाईट नव्हे. सूत फणीत घासून तुटू नये म्हणून ते खळीत बुडवावेच लागते. पण वजन दिसावे म्हणून खळ चोपडणे हा जुना धंदा आहे. गेल्याच्या गेल्या शतकात लँकेशायरचे साहेब खळीत चिनी माती घालून ते कापड आपल्या गळ्यात मारत. पहिल्या धुण्यात माती जाते आणि हातात चाळण राहते. मूठभर चादर आवळून सोडा. सुरकुत्या पडल्या तर आनंद माना. 'सुरकुती पडत नाही' हा गुण नसून कबुलीजबाब आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद रंग घासून पाहा. दुमडीची शिवण धाग्याला धरून सरळ गेली आहे का, तेही पाहा. तिरकी कापलेली चादर धुतल्यावर कायमची तिरकीच राहते. आणि घरी आल्यावर मामांची परीक्षा. दिवाळीत पणती घरात असतेच. मुलांना लांब ठेवून एक धागा ज्योतीला धरा: कागद जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राखाडी राख म्हणजे कापूस, काळा मणी म्हणजे तुम्ही माझ्या पंगतीला बसलात. मिश्र सुतात दोन्ही थोडे थोडे सापडते.

हो, माप राहिलेच. पूर्वी पिंजारी दारात येऊन धनुकली वाजवी, कापूस पिंजून गादी भरून देई. ती चार बोटे उंच. आताच्या गाद्या वीतभर. जुन्या मापाची चादर तिच्याखाली खोवता येत नाही आणि रात्रभर गोळा होते. त्यात सुती चादर पहिल्या धुण्यात थोडी आटते. गादीची उंची मोजून, वर चार बोटे जास्त धरूनच घ्या.

माझ्या वहिनीचे यावर तीन आक्षेप आहेत आणि ते मी लपवणार नाही. सुती चादर महाग पडते, इस्त्री मागते, आणि श्रावणात गॅलरीत तीन दिवस वाळत नाही. तिसरा आक्षेप मला मान्य आहे. आमच्या गॅलरीत आषाढ-श्रावणात माणूससुद्धा वाळत नाही. तेवढे दोन महिने मिश्र सुताची चादर वापरली तर मी काही म्हणणार नाही. निरोगी माणसाला ती सोसते. इस्त्रीची गरज निजणाऱ्याला नसते, पाहुण्याला असते. राहिला पैसा. पाच वर्षांत पाच संच घेणारे घर दोन चांगल्या चादरी घेऊ शकत नाही, हे मला पटत नाही. संख्या कमी करा. आणि त्या दोन आल्या की पहिली कुणाला, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर माझ्या मते वादातीत आहे: जो सर्वांत जास्त वेळ अंथरुणावर असतो त्याला. आजीला, आजाऱ्याला, बाळंतिणीला, आणि बालवाडीतून येऊन घामाघूम मानेने झोपणाऱ्या पोराला. बाहेरची खोली शेवटी.

यंदा दसऱ्याच्या आधी मी आणि वहिनी दादरला गेलो. दोघींनी मिळून चौदा चादरी उलगडायला लावल्या. दुकानातला पोरगा शेवटी म्हणाला, "काकू, तुम्ही गिरणीत होता का?" वहिनी खुदकन हसली, मी मात्र ते प्रशस्तिपत्र पदरात बांधून घेतले. दोन चादरी घेतल्या, साध्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या. घरी आल्याबरोबर त्यांतली एक आईच्या अंथरुणावर घातली आणि तिची जाळी झालेली चादर काढून घेतली.

आई त्या रात्री दोनदा उठली. सकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, "खळ टोचतेय गं. माझी जुनी दे आणि ही दोनदा धुऊन आण, मग बघते." धुतली आहे. गॅलरीत वाळते आहे.